सुखदेवचं जाड चाक

दुकानात कोणी सायकल घेऊन आला की मी आधी सायकलीकडं पाहत नाही. आणणाऱ्याच्या पायांकडं पाहतो, मग सीटकडं. सीट उंच आणि पाय आखूड असले की समजतो, ही सायकल याची नाही. कामरगावात बसथांब्याच्या मागं माझं दुकान आहे. लोक मला रशीद मिस्त्री म्हणतात. सदतीस वर्षं झाली या कामाला, आणि एवढ्या काळात चोरीच्या चार सायकली मी नुसत्या पायांवरून ओळखल्या. एकजण ताजा रंग दिलेली सायकल विकायला आला होता. "मेहुण्याची आहे," म्हणाला. मी मेहुण्याचं नाव विचारलं, तर ते त्याला आठवेना. दुसरे एक गृहस्थ दर सोमवारी पंक्चर घेऊन यायचे. भोक नेहमी ट्यूबच्या कडेला, टाचणीएवढं. रस्त्यावरचा काटा कडेला टोचत नाही. शेवटी मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं तेव्हा हसले आणि म्हणाले, "सासऱ्याची सोमवारी बैठक असते, मिस्त्री. तठी जाचं नसते मले."

ही नजर म्हणजे आपलं हुनर, असं मी समजत होतो. दिवाळी अंकासाठी लिहा असं संपादकांनी म्हटल्यावर अशाच ओळखलेल्या चोऱ्या सांगाव्यात असं मनात होतं. पण लिहायला बसलो आणि सुखदेवच समोर येऊन उभा राहिला. नाव बदललेलं आहे. त्याच्या गावाचं नाव सांगत नाही.

तीन वर्षं झाली. दिवाळी होऊन गेली होती, हरभऱ्याला पाणी सुरू होतं. सकाळी दहाच्या सुमारास पंचेचाळीशीचा एक माणूस सायकल हातात धरून आला. सायकल आजकालची, जिला पोरं रेंजर म्हणतात तशी, पण साधी. मागं कॅरिअरला दुधाच्या दोन कॅना. अंगात स्वेटर नव्हता, डोक्याला रुमाल नव्हता, पण दोन्ही हातांत जाड सुती हातमोजे होते. ऊन चांगलं वर आलं होतं.

"चाचा, समोरचं चाक जाड पाहिजे," तो म्हणाला. "लय जाड. अकोल्यात पोरायच्या सायकलीले रायते ना, मोटरसायकलवानी, तसं."

"अन् मांगचं?"

"मांगचं राहू द्या हाये तसं."

"समोर जाड अन् मांगं बारीक? कायले पाहिजे असं?"

"पाहिजे."

माणूस कारण सांगत नसला की माझे कान टवकारतात. मी म्हटलं, एवढा खटाटोप करण्यापेक्षा जुनी मोटरसायकल घे, दूध लवकर पोहोचेल. तो घाईनं म्हणाला, "गाडी नोको." आवाज न करणारं वाहन कोणाला हवं असतं? मी मनात हा प्रश्न विचारला आणि उत्तरही मनातच दिलं.

काम मात्र घेतलं. असं काम मी आधी केलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच घेतलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या सायकलीचं टायर दोन बोटांपेक्षा थोडं रुंद असतं. जाड टायर त्याच्या दुप्पट. पुढचं चाक ज्या दोन पायांमध्ये बसतं त्याला आम्ही चिमटा म्हणतो. जुन्या चिमट्यात जाड टायर शिरतच नाही. म्हणजे टायर बदलायचं तर रिम बदला, रिम बदलायची तर चाकाचा मधला तुंबा रुंद हवा, तुंबा रुंद झाला की चिमटा बदला. मागच्या बाजूला फ्रेमच अरुंद असते, ती काही फाकवता येत नाही. त्यामुळं जाड चाक बसवायचं तर पुढंच बसतं. सुखदेवनं पुढचंच मागितलं, यात त्याचा काही डाव नव्हता. पण मी तेव्हा तसा विचार केला नाही.

कारंज्याच्या एका भंगारवाल्याकडं फ्रेम तुटलेली जाड टायरची सायकल पडली होती. तिचं पुढचं चाक चिमट्यासकट मिळालं. चिमट्याची वरची नळी जाडीला जुळली, हे नशीब. लांबीला जास्त होती, ती आरीनं कापली. हँडलखालच्या वाट्या नव्या टाकल्या, छर्रे नवे. जुना रबराचा ब्रेक एवढ्या रुंद टायरला पुरेना, म्हणून चाकाच्या मधल्या तबकडीला धरणारा ब्रेक बसवला. एवढं झाल्यावर सायकल पुढून तीन बोटं उंच झाली, तेव्हा सीटचं नाक खाली केलं. दोन दिवस गेले. उभी केली तेव्हा पुढून बैल आणि मागून बकरी अशी दिसत होती. मला ती आवडली होती, हे कबूल करतो.

त्या दोन दिवसांत सुखदेव तीनदा येऊन गेला. दर वेळी मी त्याच्याकडं चोरून पाहत होतो. हँडलच्या मुठी जाड करून मागितल्या, ब्रेकचा दांडा लांब मागितला. हातमोजे एकदाही काढले नाहीत. चहा दिला तर पेला दोन्ही हातांनी धरला, तोही हातमोजे घालून. कॅरिअरला लावायची पट्टी शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली होती. ती गरम पट्टी सुखदेवनं सरळ हातात उचलली. कापूस जळाल्याचा वास आला. मी ओरडलो, तेव्हा कुठं त्यानं खाली पाहिलं आणि पट्टी टाकली.

"भाजलं असंन ना रे!"

"नाही भाजलं," तो म्हणाला. हात मागं घेतला आणि पाहूही दिला नाही.

कधीकाळी पोलीस ठाण्यात मार खाल्लेला माणूस असा निबर होतो, असं मला वाटलं. आणखी एक गोष्ट झाली. जाड टायरात हवा कमी ठेवायची असते, तेव्हाच ते धक्का खातं. मी त्याला म्हटलं, "रोज अंगठ्यानं दाबून पाह्य. जरासं दबलं पाहिजे." त्यानं टायरकडं पाहिलं. मग म्हणाला, "डोयानं पाहून कसं समजंन, ते सांगा." मी त्याला सीटवर बसायला लावून दाखवलं, जमिनीला टेकतं तिथं टायर किती फुगतं ते. त्यानं खाली वाकून नीट पाहून घेतलं. एवढा साधा अंगठा लावायला याला काय होतं, असं मनात आलं, आणि सगळं मी एकाच गाठोड्यात बांधलं: हातमोजे, आवाज नसलेली सायकल, कारण न सांगणं.

पंधरा दिवसांनी प्रल्हादभाऊ दुकानात आले. सुखदेवच्या शेजारच्या गावचे शेतकरी, माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्याबरोबर गावातले आणखी चौघं होते. त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेली होती, आणि ही तिसरी वेळ होती. तांब्यासाठी नेतात. केबल गेली की पाणी बंद, आणि हरभरा डोळ्यांसमोर वाळतो. प्रल्हादभाऊंचे डोळे लाल झाले होते. त्यांनी मोबाईल पुढं केला.

"मिस्त्री, हे पाह्य. विहिरीजवळ रोज दिसून राह्यली ही चाकोरी. कोन्या गाडीची हाये?"

ओल्या मातीत रुंद पट्टा उमटला होता आणि त्या पट्ट्याच्या मधोमध बारीक टायरची रेघ. पुढचं चाक गेलं, त्याच्यावरून मागचं गेलं. अख्ख्या पंचक्रोशीत अशी चाकोरी पाडणारी सायकल एकच होती, आणि ती मी बनवली होती.

मी म्हणू शकलो असतो, "पाहून सांगतो." संध्याकाळी सुखदेवला एकट्याला गाठून विचारू शकलो असतो. पण पंधरा दिवस बांधलेलं गाठोडं सोडायला मला कोणीतरी हवंच होतं. मी नाव सांगितलं. नुसतं नाव सांगून थांबलो नाही. "हातमोजे घालून फिरते," असंही म्हणालो. "बोटाचे ठसे उमटू नये म्हनून."

हे शेवटचं कोणी विचारलं नव्हतं.

"चाल मंग," प्रल्हादभाऊ म्हणाले. "चाक तूच ओळखून दे."

मी दुकानाचं शटर ओढलं आणि त्यांच्या जीपमध्ये बसलो. रस्ताभर मला थोडं मोठं झाल्यासारखं वाटत होतं, हेही लिहून ठेवतो.

सुखदेव घरासमोर कॅना धूत होता. सायकल भिंतीला उभी होती. त्याची बायको कांता दारात तांदूळ निवडत होती. पाच-सहा माणसं एकदम उतरल्यावर शेजारची घरंही बाहेर आली. सुखदेवनं आधी मला पाहिलं. मला पाहून त्याला काय समजायचं ते समजलं असावं, कारण तो उठून उभा राहिला आणि हात मागं बांधले.

"माह्या विहिरीवर रोज कायले जातं?" प्रल्हादभाऊंनी विचारलं.

"पानी प्याले."

"वाटंत चार हापशा सोडून?"

 कोणीतरी त्याचा दंड धरला. कोणीतरी म्हणालं, घरात केबल असेल, पाहा. दोघं घरात शिरले, डबे वाजले, बाहेर आले. काही नव्हतं.

"हातमोजे काढ," प्रल्हादभाऊ म्हणाले.

"नोको, भाऊ."

"काढ म्हनतो ना!"

"चोरी म्या नाही केली. कोनाचीबी शपथ घ्या. पन हे नोको सांगू."

तेव्हा कांता उठली. सुपातले तांदूळ तसेच ठेवून ती त्याच्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "दाखवा ना त्याईले. चोर म्हनून घेन्यापरीस बरं."

त्यानं हातमोजे काढले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही हातांची, आत वळलेली होती, उघडत नव्हती. तळव्यांवर जुन्या जखमांचे वण होते. उजव्या तळव्यावर आडवा, अजून ओला असलेला चट्टा होता. वेल्डिंगच्या पट्टीचा. तो मी ओळखला.

"महारोग," मागून एका बाईनं म्हटलं. फार मोठ्यानं नाही. पण ज्यानं दंड धरला होता त्यानं सोडला आणि आपला हात धोतराला पुसला.

कांता आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक कार्ड घेऊन आली. "औषध पुरं झालं त्याईचं. चार वर्सं झाली. डाक्टरनं लेहून देल्लं आहे, वाचा. कोनाले लागत नाही आता. नुसती बोटं मेली. हाताले गरम समजत नाही, टोचलेलं समजत नाही. दवाखान्यात सांगतलं, हात रोज पान्यात भिजवाचे, तेल लावाचं, हाताले हादरे बसू द्याचे नाही. घरी भिजवले तं लोक पायतीन, म्हनून हे विहिरीवर जातेत." ती सगळ्यांकडं पाहत होती. "वाचा ना कोनी."

तिनं कार्ड पुढं धरलं होतं. प्रल्हादभाऊंनी घेतलं नाही. बाकीच्यांनी घेतलं नाही. मग ती माझ्याकडं वळली. जीपमधून आलेल्यांत मी एकटाच तिच्या नवऱ्याच्या ओळखीचा होतो, त्याच्याबरोबर बसून चहा प्यायलो होतो. माझे हात आयुष्यभर कोणाकोणाच्या चिखलात, शेणात, रक्तातही गेलेत. सायकलवरून पडलेल्या माणसाला मी याच हातांनी उचललं आहे. पण त्या वेळी मी ते पुढं केले नाहीत. कार्ड तिच्याच हातात राहिलं.

आम्ही परत आलो. 

दुसऱ्या दिवसापासून सुखदेवचं दूध कोणी घेईना. तो शेतातल्या गोठ्यांवरून दूध जमा करायचा आणि कामरगावात घरोघरी घालायचा. आधी घरांनी बंद केलं, मग गोठेवाल्यांनी. आठवड्याभरात बातमी आली, की दुसऱ्या तालुक्यात टेम्पोसकट टोळी पकडली, आणि टेम्पोत केबलींची वेटोळी सापडली. प्रल्हादभाऊंच्या केबलीचा तुकडाही त्यात निघाला. म्हणजे चोरीचा डाग धुतला गेला. दुसरा डाग मुळात डागच नव्हता, पण तो कोण धुणार?

माझी बायको शमीम त्या दिवसांत माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. एका सकाळी भाकरी वाढताना म्हणाली, "त्या बाईनं कागद पुढं केला अन् तुमी घेतला नाही, असं लोक सांगून राह्यले. खरं हाये का?"

"खरं आहे."

"जाऊन घेऊन या मंग."

मी गेलो. आधी आमच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला विचारून गेलो, हेही खरं आहे. रोग लागतो की काय, हा माझा संशय अजून पुरता गेला नव्हता. तिनं सांगितलं, औषध सुरू झाल्यावर हा रोग दुसऱ्याला लागत नाही, आणि याचं तर औषध केव्हाच पूर्ण झालं आहे. मेलेल्या नसा तेवढ्या परत येत नाहीत. तिच्या बोलण्यावरून मला सगळं जुळायला लागलं. मोटरसायकलचा क्लच किती दाबला हे बोटांना समजत नाही, म्हणून गाडी नको. अंगठ्याला हवा समजत नाही, म्हणून डोळ्यांनी. खाचखळग्यांत हँडलचे हादरे तळव्यांना बसतात, जखम होते आणि दुखत नाही म्हणून लक्षात येत नाही. म्हणून पुढचं चाक जाड आणि मऊ. एक एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली होती आणि मी एक एक चुकीची वाचली होती.

सुखदेव ओट्यावर बसला होता. हात उघडेच होते. कॅना पालथ्या घातलेल्या. मी म्हटलं, "मी चुकलो, सुखदेव. आधी तुले विचाराले पाहिजे होतं."

त्यानं पालथी कॅन जरा बाजूला सरकवली. मग म्हणाला, "इचारलं असतं ना चाचा, तरी म्या खोटंच सांगतलं असतं."

रागानं म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. मी कांताकडं कार्ड मागितलं. तिनं ते खाटेवर ठेवलं. माझ्या हातात दिलं नाही. मी उचललं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग विचारलं, "उद्या एक लिटर दूध देशील का? घरी अर्धं, दुकानात अर्धं."

"दूध कुठून आनू? गोठे बंद झाले."

त्याच्या घरची एक म्हैस होती. तिचं आणू लागला. शमीमनं घरचं दूध त्याच्याकडून सुरू केलं आणि शेजारणींना ऐकू जाईल असा त्याला रोज दारातून आवाज द्यायची. दुकानात मी शेगडी ठेवली. चहा करायचो आणि गिऱ्हाइकाला देण्याआधी सांगायचो, "दूध सुखदेवचं आहे. पाहिजे तर पी, नाहीतर राहू दे." न सांगता पाजणं सोपं होतं, पण एकदा लपवाछपवीतूनच हे सगळं झालं होतं. किती जणांनी पेला तसाच खाली ठेवला! काहीजण पंक्चर काढून न घेताच निघून गेले. आता लोक माझ्याकडं तसं पाहायला लागले, जसं मी त्यांच्या पायांकडं पाहत आलो होतो. सिस्टर मात्र येता-जाता थांबून चहा प्यायची, रस्त्यावरून दिसेल अशी बाकावर बसून.

चार-पाच महिन्यांनी काही घरं परत आली, सगळी नाही. काही गोठेही परत आले. उरलेलं दूध सुखदेव संकलन केंद्रावर घालू लागला. तिथून ते टँकरनं जातं, पिशवीत भरून कामरगावात परत येतं, आणि ज्यांनी त्याला दारातून परत पाठवलं तीच माणसं दुकानातून ते विकत घेतात. हे मी त्यांना सांगत नाही. सांगावंसं फार वाटतं.

प्रल्हादभाऊ मात्र दोन-अडीच वर्षं दुकानावर फिरकले नाहीत. मला वाटलं, शरमेनं असेल. मग वाटलं, शरम कसली, किळस असेल. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी ते अचानक आले, नातीची छोटी सायकल जीपमधून उतरवत. मी चहा गाळला. त्यांच्यासमोर पेला ठेवला आणि नेहमीचं म्हटलं, "दूध सुखदेवचं आहे."

त्यांनी पेल्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहत होतो. हा माणूस आता पेला बाजूला सारणार आणि घाईत असल्याचं काहीतरी सांगणार, अशी मला खात्री होती.

"माहीत हाये मले," प्रल्हादभाऊ म्हणाले. "माह्याच म्हशीचं हाये ते. तीन महिने झाले, तो माह्या विहिरीवर येऊन घेऊन जाते."

त्यांनी फुंकर घालून चहा पिऊन टाकला, पेला खाली ठेवला आणि नातीची सायकल माझ्याकडं ढकलली.

"मांगचं चाक पाह्य. हवा राहत नाही."